कारवानी कुत्र्यांना दुसरे घर मिळावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नावर हल्ली सगळीकडेच चर्चा चालू आहे. मात्र जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागात रस्त्याकडेला दिसणारे प्रत्येक कुत्रे मोकाट म्हणून जन्मलेले नसते. लांब तोंडाची, खोल छातीची, पोट आत गेलेली उंच कारवानी कुत्री ढाब्यामागे किंवा बाजार उठल्यावर बाजारतळावर हुंगत फिरताना आढळतात, ती कधीकाळी कुणाच्या तरी दारात बांधलेली असतात. पाय मोडला, वय झाले किंवा कुत्रीची वेते संपली, की गाडीत घालून दूर नेऊन सोडले जाते.

हाच वाण कृष्णेपलीकडे, बागलकोट जिल्ह्यात, मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्याची पैदास जपली, २००५ मध्ये डाक विभागाने त्याच्यावर तिकीट काढले आणि पुढे लष्करानेही प्रशिक्षणासाठी काही पिल्ले नेली. हे कौतुक रास्तच आहे. परंतु ते पिल्लाच्या वाट्याला येते. ससा धरण्यासाठी जोपासलेल्या या कुत्र्याचे मूळ काम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवले आहे, ते योग्यच आहे. ज्या माळावर ते मोकळे धावायचे, तिथे म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यामुळे बागा उभ्या राहिल्या, कुंपणाच्या तारा आल्या. पिल्लांना मागणी मात्र आजही आहे, आणि त्यातली किती कुत्री म्हातारपणी त्याच घरात राहतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र जास्तीत जास्त पन्नास रुपये! दुसरीकडे, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण करून त्याला पकडले त्याच जागी सोडायचे असते. गल्लीतच वाढलेल्या कुत्र्याला हे मानवते. घरच्या भाकरीवर वाढलेल्या कारवानीला मात्र याचा अर्थ दुसऱ्यांदा टाकून देणे असाच होतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याच्या अटीवर, स्थानिक संस्थेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा ठेवला आहे. सांगली जिल्ह्यात या मार्गाचा पहिला उपयोग कारवानींसाठी व्हावा, अशी माझी सूचना आहे.

यासाठी या जातीची जाण असलेली माणसे लागतील. पशुवैद्यकीय खात्यात नोकरी केल्यामुळे एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. निरोगी कारवानीच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, त्यामुळे खरोखर उपाशी असलेल्या कुत्र्याकडे पाहूनही लोक "ही जातच अशी असते" म्हणून पुढे जातात. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे वर आलेली असतील, तर ती जात नव्हे, उपासमार समजावी. अंगावर चरबी नसल्याने या बांध्याच्या कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल फार वेळ टिकतो, तेव्हा निर्बीजीकरणाआधी डॉक्टरांना जात सांगणे गरजेचे आहे. डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा गळपट्टा मागे सरताच निसटतो, आणि नव्या घरात पहिल्याच आठवड्यात कुत्रे पळून जाते, ते बहुधा यामुळेच. फरशीवर झोपून कोपरांना जखमा होतात. जाड गोणपाट पुरते. पळणारी कोंबडी दिसली की त्याचा स्वभाव जागा होतो, म्हणून कोंबड्या मोकळ्या सोडणाऱ्या घरी ते देऊच नये. एरवी हे कुत्रे घरात इतके शांत असते, की राखणीसाठी नेणाऱ्याची निराशाच व्हावी.

दत्तक मागायला येणारे सगळेच प्रेमापोटी येतात, असे नाही. फुकटात पैदाशीची कुत्री किंवा शिकारीला जोडी मिळवण्याचा हेतू पुष्कळांचा असतो. त्यामुळे निर्बीजीकरण झाल्याशिवाय कुत्रे हातात देऊ नये, आणि देण्यापूर्वी घर पाहून यावे. अशाने वाण संपेल, ही पैदासकारांची तक्रार मला पटत नाही. आई-बाप ठाऊक नसलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याने वाण राखला जात नसतो. तो राखायचा असेल तर २०१७ च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे नोंदणी करावी आणि आपण विकलेले कुत्रे नको झाल्यास परत घेण्याची तयारी ठेवावी.

अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये २०१८ च्या मतदानानंतर ग्रेहाउंड या अशाच बांध्याच्या कुत्र्यांच्या शर्यती २०२० अखेर बंद झाल्या, तेव्हा या कुत्र्यांना घरे शोधून देणाऱ्या संस्थांचे जाळे तिथे आधीपासून होते. आपल्याकडे एवढ्या पसाऱ्याची गरज नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याजवळ दोन-तीन कुत्र्यांपुरता निवारा, काही आठवडे सांभाळ करायला तयार असलेल्या कुटुंबांची यादी, आणि गोचीडताप व जंतांच्या औषधांपुरता निधी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. जिल्हा परिषदेने जागा द्यावी, बाकीचे प्राणिमित्र आणि पशुवैद्य मिळून उभे करतील.

कुत्रे आणून देणाऱ्याला नाव-गाव विचारले जाणार नाही, अशी हमी निदान पहिली काही वर्षे द्यावी लागेल. कायद्याला धरून हे पटणारे नाही, याची मला कल्पना आहे. परंतु नाव विचारले, तर तोच माणूस रात्री विजापूर रस्त्याला गाडी थांबवून कुत्रे उतरवील, आणि आपल्या हाती ना माणूस लागेल, ना कुत्रे.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
कवठेमहांकाळ, जि. सांगली