ॲनापोलिसला निघालेल्या मनूला

प्रिय मनू,

तुला ॲनापोलिसच्या, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या ॲकॅडमीच्या, गेटवर सोडताना बाबा चकार शब्द बोलणार नाही आणि मी नको तेवढं बोलेन. म्हणून सांगायचं ते आत्ताच लिहून देते. जोडाक्षरांशी अडलीस तर मला विचार, आजीला फोन लावू नकोस. ती अख्खं पत्र वाचून घेईल आणि संध्याकाळपर्यंत ते साताराभर होईल.

तिथल्या समर सेमिनारला तुझी निवड झाल्यापासून घरात ॲडमिशनच झाल्यासारखं वातावरण आहे. मंडळाच्या पिकनिकला काकू-मावश्यांनी माझं अभिनंदन करून टाकलं. तेव्हा आधी हे स्पष्ट असू दे: बारावीत जाणाऱ्या मुलामुलींसाठीचा हा सहा दिवसांचा कार्यक्रम आहे आणि त्याची फी आपण भरली आहे. गेल्याने नेव्हल ॲकॅडमीत प्रवेश पक्का होत नाही, न गेल्याने कुणाचं अडत नाही. खरी लढाई पुढेच आहे. दोन सिनेटर किंवा आपल्या भागाचा काँग्रेसमन यांच्यापैकी कुणाचं तरी नॉमिनेशन मिळवायचं, मेडिकल पार पाडायची, ब्लू अँड गोल्ड ऑफिसरला, म्हणजे ॲकॅडमीच्या स्थानिक प्रतिनिधीला, मुलाखत द्यायची, निबंध लिहायचे. काकवांना हे सांगायचा मी प्रयत्न केला, पण तोवर भेळ आली.

"मग जायचं कशाला?" आबांनी फोनवर नेमकं हेच विचारलं. आबांच्या वेळी भरतीच्या मैदानात छाती मोजली, पळवलं आणि थेट बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रवानगी. पसंत आहे का, हे विचारायची पद्धतच नव्हती. साताऱ्याजवळचं अपशिंगे तुला माहीत आहे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात. त्या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात गेले आणि तरीही पुढच्या पिढ्या भरतीला जातच राहिल्या. तिथे फौज ही शेतीसारखी असते, घरात आहे म्हणून करायची. तुझा मामा खडकवासल्याच्या एनडीए या लष्करी प्रबोधिनीसाठी एसएसबीला, म्हणजे निवडीच्या मुलाखतीला, गेला होता. पाच दिवस. सकाळपासून रात्रीपर्यंत कुणीतरी तुमच्याकडे बघत असतं, चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, दोरी आणि फळ्या देऊन नाला ओलांडायला सांगतात. पण त्या पाच दिवसांत बघतात ते तुम्हाला. तुम्हीही त्यांना बघून घ्यावं, असं तिथे कुणाच्या मनातही येत नाही.

तुला ती संधी मिळते आहे, म्हणून जायचं.

आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मी बारावीत होते तेव्हा एनडीए मुलींना घेतच नव्हती. मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये गेली आणि त्यातल्या 17 जणी 2025 च्या मे महिन्यात पास आऊट झाल्या. ॲनापोलिसने 1976 पासून मुली घेतल्या. यावरून कुणी म्हणालं, की आईचं राहून गेलेलं स्वप्न लेक पूर्ण करते आहे, तर बिनधास्त हसून सोडून दे. मला खडकवासल्याला जायचंच नव्हतं. मला पहाटे उठायला आजही आवडत नाही.

आता काय बघायचं ते. ती मंडळी तुला चांगलं तेच दाखवतील. भल्या पहाटे दार वाजवून उठवतील, पळवतील, ओरडतील, चिखलात लोळवतील, आणि तुला ते प्रचंड आवडेल, कारण सहा दिवसांनी आपली गाडी गेटवर उभी असणार आहे. खऱ्या प्लीब समरला, म्हणजे पहिल्या वर्षाआधीच्या उन्हाळी प्रशिक्षणाला, जवळपास सात आठवडे असतात आणि घरी फोन मोजकेच. म्हणून तुझ्यावर जे मिडशिपमन, म्हणजे तिथले विद्यार्थी, नेमलेले असतील, त्यांना जूनबद्दल विचारू नकोस, फेब्रुवारीबद्दल विचार. नाताळच्या सुट्टीनंतर स्प्रिंग ब्रेकपर्यंतच्या दिवसांना ती मुलं डार्क एजेस म्हणतात. अंधार, थंडी, परीक्षा. त्या दिवसांत मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस, एवढंच विचार आणि उत्तर देताना चेहरा बघ. पोस्टरवरचं बोलणारा आणि खरं बोलणारा तुला लगेच ओळखू येईल, ही तुझी हुशारी मी लहानपणापासून सोसते आहे.

अभ्यासाचं नीट विचारून घे. तुला इतिहास आवडतो. तिथे इतिहासात मेजर केलंस तरी हातात पडते ती बॅचलर ऑफ सायन्सची डिग्री, म्हणजे कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स आणि इंजिनिअरिंगचे पेपर कुणालाच चुकत नाहीत. आणि राहायचं बघ. सगळे साडेचार हजारांच्या आसपास मिडशिपमन बॅनक्रॉफ्ट हॉल या एकाच इमारतीत राहतात. सुमारे 1700 खोल्या आहेत, पण दार धाडकन लावून एकटीने बसायला त्यातली एकही मिळायची नाही. हे मी टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. बरं, थोडंसं आहे.

त्याच इमारतीत मेमोरियल हॉल आहे. मागे आपण गेलो होतो तेव्हा तू आणि बाबा बोटी बघायला धक्क्यावर पळालात आणि मी वर गेले. छत उंच, झुंबरं, खिडकीतून पाणी दिसतं, लग्नाच्या हॉलसारखं वाटावं इतकं सुंदर. आणि तिथे लढाईत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं लावलेली आहेत. त्यातली काही तुझ्या जन्मानंतरची आहेत. मी वाचता वाचता मध्येच थांबले आणि खाली आले. तू थांबू नकोस. एकदा वेळ काढून, मैत्रिणींना न घेता तिथे जा आणि सगळी वाच. हे शिक्षण कशासाठी देतात, ते तिथे जितकं सरळ लिहिलंय तितकं कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

बाबाला ॲकॅडमीच्या शिक्षणातला "फी नाही" हा भाग फार आवडतो. ट्यूशन नाही, राहण्याजेवणाचा खर्च नाही, वर दरमहा पगार. खरं आहे, आणि न्यू जर्सीत घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाला ते आवडणारच. पण ते फुकट नाही, पुढच्या वर्षांवर घेतलेली उचल आहे. पहिली दोन वर्षं मुलं बंधनाशिवाय सोडून येऊ शकतात. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सही होते, तिला तिथे टू फॉर सेव्हन म्हणतात: उरलेली दोन वर्षं शिक्षण आणि नंतर किमान पाच वर्षं नोकरी. पायलट व्हायचं मनात असेल तर त्याहून जास्त. त्या सहीच्या वेळी तू विशीच्या आसपास असशील. सही केलेल्या एखादीला शोध आणि आदल्या रात्री झोप लागली होती का, ते विचार.

प्रवेशासाठीची फिटनेस टेस्ट तिथेच घेतली तर देऊन टाक. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकायचा तो प्रकार गॅरेजच्या दाराने पुरेसा सोसला आहे, पोचे मोजायला शेजारचे काका येऊन गेले. पुल-अप्समध्ये कमी पडलीस तरी हिरमुसू नकोस, ऑगस्ट आहे हाताशी.

परत आल्यावर "नाही" म्हणालीस तर बाबा दोन दिवस गप्प राहील, त्याचं मी बघेन. आबांनाही मीच सांगेन. "हो" म्हणालीस तर नॉमिनेशनचे फॉर्म तू स्वतः भरायचे, मी फक्त तारखा फ्रिजवर लावीन. आणि ठरलंच नाही, तर तसं सांग. घाईने हो म्हणू नकोस. काकवांना भेळ आहे बोलायला.

नवे बूट नेऊ नकोस, जुनेच ने. सनस्क्रीन वरच्या कप्प्यात आहे.

तुझी,
आई