जर्मनीला मुलं सांभाळायला जाणाऱ्या मुली

महोदय,

मी विट्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझी मुलगी बी.ए. झाल्यावर पुण्यात जर्मन शिकली आणि गेल्या वर्षी ‘ओ-पेअर’ म्हणून स्टुटगार्टकडच्या एका गावी गेली. म्हणजे तिथल्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची. बदल्यात राहणं-जेवण, हातखर्च आणि भाषा शिकायला मिळते. ‘आईचंच काम की गं!’ असं गावात म्हणाले. मीही हसले.

जाण्याआधी इथल्या क्लासवाल्यांनी ‘प्रोसेसिंग’चे 1 लाख 60 हजार घेतले. विमानाचं तिकीट वेगळं. सोसायटीचं कर्ज काढलं. पावती मागितली तर 20 हजारांची दिली, तीही ‘समुपदेशन शुल्क’ म्हणून. पुढे मुलीला तिथल्या भाषेच्या वर्गात कळलं की जर्मनीतल्या एजन्सीला ओ-पेअरकडून 150 युरोंच्या वर घेताच येत नाही, तसा त्यांचा कायदा आहे. म्हणजे साधारण 15 हजार रुपये.

तिथे नियम बारीक आहेत. आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, दीड दिवस सुट्टी, महिन्याला 280 युरो, भाषेच्या वर्गासाठी 70 युरो वेगळे, विमा कुटुंबाने काढायचा. मुलगी जर्मन शिकावी म्हणून तिथे स्थायिक झालेल्या भारतीय घराला भारतीय ओ-पेअर ठेवू देत नाहीत. हे सगळं तिच्या करारातही होतं.

तरी दुसऱ्या महिन्यात तिचा आवाज उतरला. मी म्हटलं, तास लिहून ठेव. आम्हाला ती सवयच, बाळाचं वजनसुद्धा ग्रॅमात लिहायचं. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: 41, 43, 39. मुलं झोपल्यावर घरात थांबणं हे काम नव्हे, असं त्या घरच्या बाईंचं म्हणणं. अहो, पोर झोपलं म्हणून आम्ही अंगणवाडीला कुलूप लावून जातो का? शिवाय शनिवारी त्यांच्या आईच्या घरच्या खिडक्या पुसायला नेत. माणसं दुष्ट नव्हती, थंडीचा कोटही घेऊन दिला. पण वही दाखवल्यावर दोन आठवड्यांत दुसरं घर बघ म्हणाले.

क्लासवाल्यांना फोन केला. ‘ताई, आमचं काम व्हिसापर्यंत.’ नाशिकच्या एका मुलीने नवीन कुटुंब शोधून दिलं म्हणून निभावलं.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या एमिग्रेशन ॲक्टखाली नोंदणी करावी लागते आणि कामगाराकडून 30 हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. हे त्यांना ऐकवलं तर उत्तर आलं, ‘ही नोकरी नाहीच, सांस्कृतिक देवाणघेवाण आहे.’ पैसे मोजून घेताना मात्र त्यांना संस्कृती आठवली नाही.

आखातात घरकामाला निघालेल्या कमी शिकलेल्या बाईला निदान सरकारी मंजुरी तरी लागते. माझी मुलगी शिकलेली आणि चालली जर्मनीला, म्हणून तिची कुठे नोंदच नाही. आपल्या राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. त्यात ड्रायव्हर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, परिचारिका आहेत. मुलं सांभाळणाऱ्यांना नियम लावायचं कुणाला सुचलं नसावं.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. फिलिपिन्सने 1998 मध्ये युरोपसाठी ती घालून पाहिली, मुली जातच राहिल्या. पण ओ-पेअर पाठवणाऱ्या क्लासना आणि एजंटांना तीच नोंदणी आणि तीच 30 हजारांची मर्यादा लावा. कराराची मराठी प्रत आईबापांच्या हातात द्या.

नव्या घरी मुलगी अजून तास लिहिते. गेल्या आठवड्यात 28 भरले. सोसायटीचे 14 हप्ते बाकी आहेत.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, ता. खानापूर, जि. सांगली
(मुलगी तिकडेच आहे, कृपया नाव छापू नये.)