मंडेरा कुठे आणि मसाई मारा कुठे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत केनियाच्या सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या आणि चार दिवसांत वाचकांच्या सदरात एक पत्रही आलं. 'जिथे मॉलमध्ये गोळ्या घालतात तिथे लाखो रुपये मोजून कशाला जायचं?' असा त्याचा सूर होता. जाहिरात म्हणते सगळं छान, पत्र म्हणतं सगळं वाईट. मी केनियाला जाऊन आलोय आणि तिथे एका रात्रीसाठी अडकूनही पडलोय, म्हणून लिहितो. पत्र जरा लांबेल. कात्री आपल्या हाती आहेच.

मी एसटीत चौतीस वर्षं काढली. शेवटची अकरा सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. बंदची हाक आली की सकाळी साडेचारपासून केबिनमधला फोन वाजायला लागायचा. 'साहेब, आज एसटी चालू आहे का?' या प्रश्नाला मला कधीच हो किंवा नाही म्हणता आलं नाही. लोणंदला टायर पेटवलेत, पण मेढ्याची गाडी बिनघोर जाऊन आली. पुण्याच्या गाड्या शिरवळपर्यंत सोडा, पुढचं नंतर बघू. दुपारनंतर कोरेगाव मोकळं. रस्ता कुठला आणि वेळ कुठली, एवढ्यावर सगळा कारभार चालायचा. 'महाराष्ट्र चालू आहे का' असं कुणी विचारलं असतं तर आम्ही हसलो असतो. परदेशाबद्दल मात्र शिकलेली माणसंसुद्धा नेमकं हेच विचारतात.

केनियाचे ४७ परगणे आहेत, तिकडे काउंटी म्हणतात. २०११च्या ऑक्टोबरात केनियाचं सैन्य सोमालियात शिरलं आणि तेव्हापासून अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेने केनियावर डूख धरला. सोमालियाला लागून असलेले मंडेरा, वाजीर, गारिसा आणि किनाऱ्यावरचा लामू हे परगणे धोक्याचे. गारिसाच्या विद्यापीठात एप्रिल २०१५ मध्ये १४८ जण मारले गेले, बहुतेक विद्यार्थी. ब्रिटिश सरकार आपल्या लोकांना त्या सीमेपासून ६० किलोमीटरच्या पट्ट्यात जाऊ नका असं सांगत आलंय. आता नकाशा उघडा. मंडेरा अगदी ईशान्येच्या टोकाला, केनिया, इथिओपिया आणि सोमालियाच्या तिठ्यावर. आपले लोक जातात ते मसाई माराचं अभयारण्य नैर्ऋत्येला, टांझानियाला चिकटून. गडचिरोलीत चकमक झाली म्हणून महाबळेश्वरचं बुकिंग रद्द केलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून बाकीचा केनिया निर्धोक, असंही नाही. नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर सप्टेंबर २०१३ मध्ये हल्ला झाला, ६७ जण गेले, त्यांत भारतीयही होते. जानेवारी २०१९ मध्ये शहरातल्याच एका हॉटेल-संकुलात २१ जण गेले. त्यामुळे मॉलच्या दारात गाडीखाली आरसा फिरतो. विमानतळाच्या अलीकडे सगळ्यांना गाडीतून उतरवतात. आपण तपासणीच्या शेडमधून चालत जायचं, गाडी वेगळी तपासून पुढे येते, मग पुन्हा बसायचं. मोंबासाच्या रेल्वेला तर प्रवाशांच्या बॅगा जमिनीवर एका रांगेत मांडायला लावतात आणि कुत्री हुंगत जातात. आमच्यातले एक गृहस्थ यावर फार कुरकुरले. मला बरं वाटलं.

शिवाय एका परगण्यातही सगळीकडे सारखं नसतं. सांबुरूचं अभयारण्य पर्यटकांचं, पण त्या परगण्याच्या काही भागांत गुरं पळवणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचा इतका उपद्रव झाला की फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने सांबुरूसह सहा परगण्यांत सैन्य उतरवलं. लामू बेटावर विमानाने जाणारे मजेत राहून येतात; त्याच लामूला जमिनीवरून जाणाऱ्या बसगाड्या मात्र पोलिसांच्या पहाऱ्यात जात आल्या आहेत. बसगाड्यांचं हे ऐकून मला त्या चालक-वाहकांचं फार वाईट वाटलं. पर्यटक एकदाच जातो, त्यांना रोजची कामगिरी.

आता माझी गोष्ट. २५ जून २०२४, मंगळवार. आम्ही अकरा जण, दोन गाड्या, अंबोसेलीच्या अभयारण्यातून निघालो. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं: 'दुपारी नैरोबी आगमन, शहरदर्शन, खरेदी.' त्या दिवशी करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुणांनी संसदेवर मोर्चा नेण्याचं जाहीर केलं होतं. गुपचूप नव्हे, उघड, आधीपासून. त्याच्या आदल्या आठवड्यात मोठी निदर्शनं होऊनही गेली होती. आमच्या प्रवासी कंपनीला हे माहीत नसेल तर तिने दुकान बंद करावं आणि माहीत असून त्याच दिवशी, त्याच शहरात खरेदी ठेवली असेल तर काय म्हणावं ते आपणच ठरवा.

एमाली नावाचं गाव लागलं. मोंबासा-नैरोबी महामार्गावरचं, कंटेनरच्या ट्रकांची रांग, पंप, टपऱ्या. आपल्या खंडाळ्याच्या जुन्या नाक्याची आठवण यावी असं. तिथे आमच्या चालकाने गाडी पंपाच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. स्वाहिलीत चालकाला 'देरेवा' म्हणतात. तिशी-पस्तिशीचा पोरगा, मला पहिल्या दिवसापासून 'म्झे' म्हणायचा, म्हणजे वडीलधारे. दोन फोन घेऊन तो वीस मिनिटं बोलत होता. मी बघत होतो. प्रत्येक फोनवर आधी विचारत होता ते गावाचं नाव. माझ्या ओळखीचं काम होतं ते.

मग तो गाडीच्या मागे आला. अंबोसेलीची पांढरी धूळ काचेवर बोटभर साचलेली. त्याने बोटाने एक उभी रेघ ओढली आणि तिच्यावर टिंबं दिली: एमाली, सुलतान हमुद, सलामा, अथी रिव्हर, म्लोलोंगो, नैरोबी. वरच्या दोन टिंबांवर फुली मारली. सलामाच्या पुढे त्याने हात आडवा धरला. 'म्झे, इथपर्यंत जाता येईल. पण पुढे अडकलो तर अंधार पडेल, आणि मागे वळायला जागा मिळणार नाही.' चौतीस वर्षांत याहून चांगला रिपोर्ट मला कुणी दिला नव्हता.

आमच्याबरोबर कंपनीचा पोरगा होता, पंचविशीचा, स्वभावाने गोड. तो म्हणाला, 'काका, नैरोबीच्या हॉटेलचे पैसे भरलेत. ऑफिस म्हणतंय, पुढे चला.'

'ऑफिस कुठंय?'

'पुण्यात.'

'मग पुण्याच्या ऑफिसला म्हणावं, पुण्यात पुढे चला.'

सौ. म्हणाल्या, 'अहो, पोराला कशाला बोलताय?' खरं होतं, पोराचा काही दोष नव्हता. पण एसटीत एक गोष्ट पाळली. रस्त्यावर असलेला चालक 'गाडी पुढे नेत नाही' म्हणाला, तर केबिनमध्ये बसलेल्याने त्याला 'ने' म्हणायचं नाही. फार तर कारण विचारायचं आणि नोंद करायची. थोडी वादावादी झाली, दोघींनी रडून घेतलं, आणि आम्ही एमालीतच राहिलो. लॉज साधा होता, गरम पाणी बादलीने. जेवायला चपाती मिळाली. तिकडेही चपातीच म्हणतात. गाडीला 'गारी' आणि विम्याला 'बीमा' म्हणतात. सौं.च्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी त्या रात्री अकरा जणांत वाटली गेली, चालकांना धरून तेरा.

संध्याकाळी लॉजच्या टीव्हीवर संसदेच्या इमारतीत आग दिसली. गोळीबार झाला होता, माणसं मेली होती. त्याच सुमारास इंटरनेटने मान टाकली. आपल्याकडे घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे इकडे रात्र झालेली, चॅनेलांवर नैरोबी जळताना दिसतंय आणि आमचे व्हॉट्सॲप मुके. मी मुलाला साधा एसएमएस केला, 'सेफ ॲट एमाली', रोमन लिपीत. तो पोचला. पण चिरंजीवांनी तो 'सेफ ॲट ईमेल' असा वाचला. त्यांना वाटलं, बाबांनी सविस्तर ईमेल पाठवलंय. बिचारा रात्रभर ईमेल उघडून बघत बसला होता.

गावाचं नाव त्याच्याकडे आधीच कागदावर असतं तर? मुक्कामांची यादी मी त्याला दिली होती, पण फक्त हॉटेलांच्या नावांची. रस्त्यातली गावं कोणीच लिहून दिली नव्हती, आणि मीही मागितली नाहीत. मी, ज्याने आयुष्यभर थांब्यांच्या याद्या वाचल्या! यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड मात्र सगळ्यांनी पारपत्रापेक्षा जपून ठेवलेलं. कंपनीच्या सूचनांचं पत्रक दोन पानी होतं: प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, तिथे बंदी आहे, दुर्बीण घ्या, भडक कपडे टाळा. रस्त्याबद्दल एक ओळ नाही.

त्याच दिवशी आपल्या नैरोबीतल्या उच्चायुक्तालयाने भारतीयांसाठी सूचना काढली होती: सावध राहा, गरज नसेल तर बाहेर पडू नका, निदर्शनांच्या भागात जाऊ नका. चालकाने धुळीत जे काढलं तेच. ती सूचना आमच्यापैकी एकालाही वेळेत कळली नाही, घरी परतल्यावर वाचली. परराष्ट्र खात्याचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे, अडचणीत सापडलेल्या भारतीयांना तिथे तक्रार नोंदवता येते, हेही मला परतल्यावर एका भाच्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघालो. विमानतळ मोंबासा रस्त्यालाच, शहराच्या अलीकडे आहे, त्यामुळे नैरोबीत शिरायची गरजच नव्हती. म्लोलोंगोला रस्त्यावर जळल्याचे काळे डाग होते, बाकी ट्रक नेहमीसारखे चाललेले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं.

आल्यावर मी जादा मुक्कामाच्या खर्चाचा विम्याचा दावा केला. नामंजूर. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत 'नागरी अशांतता' वगळली होती. मी ती वाचली नव्हती, चूक माझी. पण पॉलिसी विकणाऱ्याने 'काका, सगळं कव्हर आहे' असं म्हटलं होतं, ती चूक माझी नव्हे.

जाहिरात देणाऱ्या कंपन्यांना माझं म्हणणं इतकंच: कार्यक्रमपत्रिकेत हॉटेलच्या तलावाचा फोटो थोडा लहान छापा आणि त्या जागी रस्ता द्या. कुठून कुठे, कुठल्या गावांवरून, किती तास, अंधार पडायच्या आत की नंतर, रस्ता बंद पडला तर कुठे थांबणार आणि थांबायचं कोण ठरवणार. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अंधाराचं म्हणाल तर तिथे बंदुकीपेक्षा मला रस्त्याची भीती जास्त वाटली. जून २०२५ मध्ये कतारहून केनियाला सहलीला गेलेल्या भारतीयांची बस उलटून पाच जण गेले, ती बातमी आपणही छापली असेल. आणि तारखा बघा. २५ जून आता तिकडे स्मृतिदिन झालाय. २०२५ मध्ये त्या दिवशी आणि पुन्हा ७ जुलैला मोठी निदर्शनं झाली, माणसं दगावली. ऑगस्ट २०२७ मध्ये निवडणूक आहे. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर जो हिंसाचार उसळला त्यात हजारावर माणसं मारली गेली, आणि तो नकुरू, नैवाशा या भागांतही झाला. मसाई माराच्या सहलीत आपण जिथे सरोवर बघायला थांबतो तीच ही गावं. ऑगस्ट म्हणजे मारात प्राण्यांच्या स्थलांतराचा हंगाम, म्हणून बुकिंगही तेव्हाचंच होणार.

'कशाला मरायला जायचं' लिहिणाऱ्या वाचकांना एकच सांगतो. एमालीच्या लॉजवर त्या चालकाने मला विचारलं होतं, 'म्झे, तुमच्या मुंबईतही मोठ्या हॉटेलांत असंच झालं होतं ना? तिथे जाणं आता सुरक्षित आहे का?' मी त्याला मुंबईचं सांगितलं. पुढच्या वर्षी पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत आपले सहा मराठी, तेव्हा त्याचा मेसेज आला की तुम्ही बरे आहात ना. मी लिहिलं, पहलगाम माझ्यापासून दोन हजार किलोमीटरवर आहे. त्याने विचारलं, 'कुठल्या रस्त्याने?'

अजून आमचं सुरू असतं. २०२५च्या २५ जूनला त्याचा सकाळीच फोटो आला. गाडी अंगणात उभी, स्वच्छ धुतलेली, आणि खाली लिहिलेलं, 'आज कामगिरी नाही.' म्हणजे त्याने लिहिलं होतं इंग्रजीत. मी वाचलं तसं.

आपला,
निवृत्त वाहतूक नियंत्रक,
सातारा