जन्माआधीच सावध

प्रिय नंदू,

तू म्हणायचास, रात्री जंगलात दिसणार काय, काळोखच ना? दिसतं रे. फक्त जे बघायला गेलो होतो ते नव्हे.

कोस्टा रिकातल्या सारापिकी भागात आहे. काल अंधार पडल्यावर वाटाड्यामागून आम्ही पाच जण वर्षावनात शिरलो. पायात गमबूट आणि एकच ताकीद: नीट पाहिल्याशिवाय कशालाही धरायचं नाही. डोळ्यांवर पापण्यांसारखे खवले असलेला एक विषारी साप इथे फांदीवर वेटोळं घालून बसतो. मग काय, मी हात खिशात घालूनच चाललो. दोनदा घसरलो ते त्यामुळेच.

टॉर्च डोळ्यांशेजारी धरायची, हे तिथे शिकलो. धरली, आणि पाचोळ्यावर दवबिंदू लुकलुकायला लागले. जवळ गेलो तर कोळी! त्यांच्या डोळ्यांत आरशासारखा पडदा असतो. उजेड आल्या वाटेने परत जातो. टॉर्च कमरेशी नेली की सगळे विझले. अतिनील दिव्याखाली हिरवानिळा पेटलेला विंचूही पाहिला.

मला हवा होता किंकाजू, शेपटीने फांदी धरून हिंडणारा एक केसाळ प्राणी. वर फांद्या हलल्या, दोन डोळे लकाकले, संपलं.

मग वाटाडा डबक्यावर झुकलेल्या एका पानाशी थांबला. पानावर जेलीचा गोळा, त्यात लाल डोळ्यांच्या झाडबेडकाची चाळीसेक अंडी, प्रत्येकात वळवळणारी शेपटी. एरवी आठवड्याभराने पिल्लं बाहेर येऊन खालच्या पाण्यात पडतात. पण साप अंडी खायला लागला, तर चार-पाच दिवसांचीसुद्धा काही सेकंदांत अंड्याचं आवरण फोडून सुटतात. आणि गंमत बघ, जेली तर पावसानेही हादरते; तरी पावसाला ती सहसा फसत नाहीत. हादरा किती वेळ टिकतो, मध्ये किती थांबतो, यावरून ओळखतात म्हणे. पाण्यात मासे टपलेले असतात, म्हणजे उगाच घाई करूनही चालत नाही. मी त्या पानाशी इतका रेंगाळलो की बाकीचे पुढे निघून गेले.

तेवढ्यात पाऊस आला. थेंब पानावर ताडताड वाजत होते, जेली थरथरत होती. मी टॉर्च धरून बघत राहिलो. एकही पिल्लू सुटलं नाही.

आज रात्री परत जातोय. बूट अजून ओलेच आहेत.

तुझा,
अवि