खुले पत्र: मिथेनॉल नव्हतं, मग बाटलीत काय होतं?

मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य.

सविनय नमस्कार.

पोळ्याच्या करीच्या दिवशी माझा धाकटा भाऊ गावातली खुली दारू पिऊन आडवा पडला. नंतर आपण तालुक्याला आलात आणि माईकवर म्हणालात, बाटली प्रयोगशाळेत जाईल, पंधरा दिवसांत सत्य समोर येईल. दिवाळी उलटली. परवा कागद आला: मद्यार्काचं प्रमाण इतकं, मिथेनॉल (विषारी दारूत सापडतं ते विष) आढळले नाही. विषय बंद.

साहेब, मिथेनॉल आहे असं म्हटलं होतं कोणी? त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, घामानं अंथरूण भिजलं होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी बघताक्षणी अॅट्रोपिन, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं औषध, सुरू केलं आणि विचारलं, फवारणी केली का? फवारणी कुठली, आठवडाभर पाऊस होता, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, पाय ठेवायला जागा नव्हती. रक्तातलं कोलिनेस्टरेज, ज्यावरून असली विषबाधा कळते, ते तपासायची सोय त्या दवाखान्यात नव्हती. तो वाचला. बैलजोडी गेली, सोयाबीन शेतातच फुटलं, सावकाराचं व्याज माझ्या डोक्यावर बसलं. भावाचे हात अजून थरथरतात, चहाचा कप धरता येत नाही. घरात रडारड, वर लोकांचं ऐका, "पेत होता ना, मग भोगा." मेला असता तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचा नमुना) तरी कुठे तरी गेला असता, जिवंत माणसाची फाईल होत नाही म्हणे.

दारू ज्या डब्यातून ओतली जाते तो डबा कशाचा, हे गावातलं शेंबडं पोरगं सांगेल. फवारणीच्या औषधाचे, म्हणजे कीटकनाशकाचे, रिकामे डबे भंगारवाल्याकडून भट्टीवर जातात. 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. आमच्याकडे कोण पुरतं, कोण बघतं? आपले एक अधिकारी मला म्हणाले, उकळल्यावर औषध राहतं का? अहो साहेब, डब्यात ओतल्यावर कोण उकळतं!

माझी पुतणी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. तिनं सांगितलं की दारूत कीटकनाशक शोधता येतं, पण त्यासाठी वेगळी तपासणी लागते. आधी नमुना पाण्यानं पातळ करायचा, म्हणजे मद्यार्क आड येत नाही. मग अॅसिटोनायट्राइल आणि क्षार घालून अवशेष वेगळे काढायचे आणि ते मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेल्या यंत्रावर चढवायचे. शेकडो औषधं एका फेरीत कळतात. मिथेनॉलच्या तपासणीत मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक कसं दिसणार? मद्यार्क मात्र टक्क्यापर्यंत मोजता, कारण त्यावर कर आहे. दारूतून वर्षाला वीस-पंचवीस हजार कोटी येतात म्हणे, त्यात एक यंत्र बसत नाही?

यंत्रं नाहीत असंही नाही. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी पुण्याजवळ मांजरीला कीटकनाशकांचे अवशेष तपासणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. काही औषधं किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाली तरी तिकडे कंटेनर अडतो. गोऱ्याच्या जिभेला 0.01, अन् आमच्या भावाच्या घशाला डबाभर! 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीस-बावीस माणसं गेली. एसआयटी (विशेष तपास पथक) आली, अहवाल आला, मंत्री येऊन गेले. विदर्भाला महाराष्ट्रात आणणाऱ्या नागपूर कराराला सत्तर वर्षं उलटली, विकासाचा अनुशेष काही हलला नाही. डिसेंबरात अधिवेशनाच्या निमित्तानं आपण नागपूरला हुरडा खायला येता, तेवढाच काय तो आमचा विकास.

मागणी मोठी नाही. दारूनं माणूस पडला की बाटलीची तपासणी कीटकनाशकांसाठीही व्हावी, आणि रिकामे डबे कृषी केंद्रांनी परत घ्यावेत. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात दारू हेही अन्नच आहे. त्याच कायद्याचं कलम 40 सांगतं की विकत घेणाऱ्याला फी भरून नमुना तपासून घेता येतो आणि अहवाल ठरलेल्या मुदतीत मिळतो. त्या दिवशीची अर्धी बाटली माझ्याकडे अजून आहे. फी किती ते कळवा, उसनवारी करून भरतो. फक्त खरेदीची पावती मागू नका, ती त्या दुकानात मिळत नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. केळापूर, जि. यवतमाळ