पायानं दाबायचा स्विच घेताना जरा बघून घ्या

संपादक महोदय,

लकडगंजातल्या आरामशिनीवाल्यांपासून हिंगणा एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपपर्यंत आजकाल सगळेच ड्रिल, स्क्रोल सॉला (नक्षी कापायच्या बारीक करवतीच्या मशीनला) फूट स्विच लावून राहिले. चांगलंच आहे, दोन्ही हात जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, धरायला मोकळे राहतात. पण घेताना फक्त किंमत बघतात!

स्विच दोन प्रकारचे येतात, एकात पाय उचलला की मशीन बंद, दुसऱ्यात एकदा दाबलं की चालू अन् परत दाबलं की बंद. कटिंगच्या कामाला माझ्या मते पहिलाच घ्यावा, हात अडकला तर नुसता पाय उचलायचा असतो, परत दाबायचं सुचत नाही. अन् वर लोखंडी झाकण असलेलाच घ्या, नाहीतर फळीचा तुकडा पडला तरी मशीन सुरू.

शिलाई मशीनचं पेडल ड्रिल प्रेसला जोडणारे महाभाग पण आहेत, ते लहान मोटरचा स्पीड कमीजास्त करायला असते, जळेल नाही तर काय. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, मोटरमधला तोटा अन् पॉवर फॅक्टर पकडून २३० व्होल्टवर सहा-सात अँपिअर धरा, अन् इंडक्शन मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते. म्हणून पायाशी लहान स्विच अन् मोटरचा लोड कॉन्टॅक्टरवर (लहान स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालूबंद करणारा विजेचा स्विच), तोही २४ व्होल्टच्या कॉइलचा, म्हणजे पायाशी कमी व्होल्टेज राहते, हेच बरं.

उन्हाळ्यात लाईट येते-जाते, परत आल्यावर मशीन आपोआप फिरू नये अशी सोय दुकानदाराला विचाराच, अर्थिंग तर पाहिजेच.

– एक फिटर, नागपूर