सुरुंगाचे हादरे घराच्या पायाशी मोजा

नवी मुंबईत डोंगरालगतच्या दगडखाणींजवळ राहणाऱ्यांनी सुरुंगांच्या हादऱ्यांनी भिंतींना गेलेले तडे दाखवले की ‘बांधकामच जुने आहे’ असे ठरावीक उत्तर मिळते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार घरांजवळ जमिनीच्या कंपनाचा वेग, वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा (सेकंदाला ८ कंपनांपेक्षा) कमी असल्यास, सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आत हवा. एका क्षणी उडणाऱ्या स्फोटक दारूचे प्रमाण घटवून, खडकात ती भरलेली भोके काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवली, तर हा वेग आटोक्यात ठेवता येतो. (स्फोटाआधीचा इशाऱ्याचा भोंगा तेवढा वेळेवर वाजतो!) रहिवाशांनीही तड्यांची तारखेसह छायाचित्रे काढून भेगेवर काचपट्टी पक्की बसवावी, म्हणजे ती तडकताच भेग हलल्याचे दिसेल. मोजणी मात्र खाणीच्या फाटकाशी नव्हे, घराच्या पायाशी व्हावी आणि तिची नोंद सोसायटीला लेखी मिळावी.

– एक रहिवासी, तुर्भे, नवी मुंबई